किती डेसिबल? आधी विचारा, किती लांबून

दिवाळी झाली की कोकण किनाऱ्यावरचे दोन प्रकारचे व्हिडिओ हमखास फिरायला लागतात. एकात पुळणीत रुतलेली एसयूव्ही आणि तिला ओढून काढणारा गावातला ट्रॅक्टर. दुसऱ्यात ओल्या वाळूवर गोल गोल फिरणारी, नंबरप्लेट नसलेली, चार जाड टायरांची एटीव्ही, नाहीतर सायलेन्सरची पुंगळी काढलेली मोटारसायकल. पहिल्यावर लोक हसतात, दुसऱ्यावर भांडतात. कुणी सांगतं, ८० डेसिबलपर्यंत चालतं. कुणी म्हणतं, छे, ५५च्या वर गेलं की गुन्हा. एखादा कुठून तरी शोधून आणतो की अमेरिकेत ९६ चालतात, मग आपल्याकडेच एवढी ओरड कशाला?

हे तिन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत आणि एकमेकांसमोर ठेवले तर त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. आवाजाच्या मर्यादेबद्दल कुणी नुसता आकडा फेकला तर त्याला विचारायचं: किती लांबून मोजला, गाडी काय करत होती, आणि किती वेळ मोजला? या तीन उत्तरांशिवाय डेसिबल हा शब्द वाद घालण्यापलीकडे कामाचा नाही.

बेरजेचे नियम इथे चालत नाहीत

आवाज म्हणजे हवेच्या दाबातली थरथर. अगदी हळू कुजबुजीपासून कान दुखवणाऱ्या आवाजापर्यंत ऊर्जेतला फरक कोट्यवधी पटींचा असतो. एवढे मोठे आकडे हाताळायला त्रास, म्हणून आवाज पटींच्या पट्टीवर मोजतात. ती पट्टी म्हणजे डेसिबल. त्यात १० वाढले की ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ३ वाढले की ऊर्जा दुप्पट होते, पण कानाला फरक जेमतेम कळतो.

म्हणून ८० डेसिबलच्या दोन एटीव्ही शेजारी शेजारी उभ्या केल्या तर १६० होत नाहीत, ८३ होतात. दहा उभ्या केल्या तर ९०. याची उलटी बाजू सहसा कुणी सांगत नाही. किनाऱ्यावर दहा गाड्या असतील आणि पाच बंद केल्या तरी मीटर फक्त ३ नी उतरतो. ‘निम्म्या गाड्या कमी केल्या, तरी आवाज आहे तसाच’ ही गावकऱ्यांची तक्रार त्यामुळे कांगावा नसते, तसाच हिशोब आहे.

आता अंतर. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात. साडेसात मीटरवर ८० असलेली गाडी १५ मीटरवर ७४, ३० मीटरवर ६८, ६० मीटरवर ६२ आणि १२० मीटरवर ५६. पुळणीला लागून असलेल्या वाडीतली पुष्कळ घरं या १२० मीटरच्या आतच येतात.

८०, ५५ आणि ९६: कोणता कशाचा?

८० हा कारखान्यातल्या चाचणीचा आकडा. आपल्याकडे पर्यावरण संरक्षण नियमांखाली नव्या वाहनांसाठी आवाजाची मर्यादा ठरवलेली आहे. दुचाकीला इंजिन ८० सीसीपर्यंत असेल तर ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्याहून मोठं असेल तर ८०. चाचणी अशी: गाडी ठरलेल्या वेगाने धावपट्टीवर आणायची, एका रेषेवर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा आणि धावपट्टीच्या मध्यापासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनने सर्वांत मोठा आवाज टिपायचा. म्हणजे हा आकडा नव्या कोऱ्या गाडीचा, कंपनीच्या सायलेन्सरसकट, सपाट डांबरी किंवा काँक्रीटच्या पट्टीवरचा आहे. गाडी शोरूमबाहेर पडल्यावर तिच्यावर काय काय होतं, याची त्या आकड्याला खबर नसते.

५५ हा जागेचा आकडा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये जागांचे चार वर्ग आहेत: औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र. निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ आणि रात्री ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. इथे कोणाची गाडी, कोणता डीजे हे पाहत नाहीत. त्या जागी सगळं मिळून किती आवाज आहे ते बघतात, आणि तेही क्षणाचं नाही, पूर्ण कालावधीची सरासरी. या सरासरीकडे पुढे परत यावं लागेल, कारण खरी मेख तिथे आहे.

९६ हा अमेरिकेतला. कॅलिफोर्नियात १९८६ पासून बनलेल्या ऑफ-रोड गाड्यांना ९६ची मर्यादा आहे, इतर काही राज्यांतही तोच आकडा दिसतो. पण तिथे गाडी उभी असते, इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर धरलेलं असतं आणि मीटर एक्झॉस्टच्या तोंडापासून फक्त अर्ध्या मीटरवर. जंगलातल्या वाटेवर उभ्या असलेल्या रक्षकाला धावपट्टी कुठून मिळणार? दोन मिनिटांत उरकता यावी म्हणून ही पद्धत निघाली. ढोबळ हिशोबाने अर्ध्या मीटरवरचे ९६ म्हणजे १५ मीटरवर सुमारे ६६.

अमेरिकेतच स्नोमोबाइलला, म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीला, १९७० च्या दशकापासून ७८ची मर्यादा आहे. ९६च्या मानाने ती फारच कडक वाटते. पण ती मोजतात १५ मीटरवरून, आणि गाडी पूर्ण जोरात धावत असताना. एक उभी, एक धावती; एकीचं मीटर कानाशी, दुसरीचं पंधरा मीटर लांब. कोणती मर्यादा सैल आणि कोणती कडक हे नुसत्या आकड्यांवरून ठरवायला गेलं की फसगत होते. आपल्याकडच्या भांडणांत नेमकं हेच चालतं.

वाळूत तीच गाडी जास्त का ओरडते?

इंजिनात इंधनाचा स्फोट झाला की तापलेला वायू झटक्याने बाहेर पडतो. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट करतं. मिनिटाला ३००० फेऱ्या असतील तर सेकंदाला २५ स्फोट. सायलेन्सरच्या आतल्या कप्प्यांत हा वायू पसरतो, वळणं घेतो, भिंतींवर आपटून परतणाऱ्या लाटा पुढच्या लाटांना मारतात, आणि काही बनावटींत काचतंतूचं अस्तर बाकीची ऊर्जा शोषून घेतं. बाजारात मिळणारा ‘स्पोर्ट्स’ सायलेन्सर बहुतेक वेळा सरळ नळी असतो. शेवटी एक छोटी काढता येणारी पुंगळी, जिला डीबी किलर म्हणतात, आणि ती गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात निघते.

‘त्याने पॉवर वाढते’ हे गॅरेजमध्ये ऐकायला मिळणारं ठरलेलं वाक्य. इंजिनाचं इंधन-हवेचं प्रमाण मूळ एक्झॉस्टला धरून बेतलेलं असतं. ते न बदलता नुसता सायलेन्सर उघडा केला तर मिळतो तो मुख्यतः आवाज.

वाळूत आणखी एक भर पडते. चांगल्या रस्त्यावर वेगात जाणाऱ्या गाडीचा बराचसा आवाज टायरांचा असतो आणि इंजिन वरच्या गिअरमध्ये आरामात चालतं. पुळणीत चाक रुततं, रोध वाढतो, चालवणारा खालच्या गिअरमध्ये इंजिन ताणत राहतो. तशात गोल फिरायचं, उडी मारायची, वाळू उडवायची, म्हणजे ॲक्सिलरेटर सारखा वर-खाली. तीच गाडी मुंबई-गोवा महामार्गावर जेवढी खुपत नाही, तेवढी किनाऱ्यावर खुपते ती यामुळे.

मीटर हा सगळा आवाज पकडतो का? पूर्ण नाही. नियमांत डेसिबलनंतर कंसात ‘ए’ लिहिलेलं असतं. माणसाच्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात म्हणून मीटर त्या आवाजांना कमी गुण देतो, त्या पद्धतीचं हे चिन्ह. सेकंदाला ६३ कंपनांच्या आवाजातून तो तब्बल २६ डेसिबल वजा करतो. बुलेटच्या दुडुमदुडुममधला मोठा हिस्सा नेमका या खर्जात असतो, आणि खर्जच भिंतीतून, बंद खिडकीतून सर्वांत सहज आत शिरतो. मीटर ६० दाखवत असताना पडवीतल्या आजीच्या छातीत धडधड होत असेल तर आजी खोटं बोलत नसते.

सरासरीत बुडालेला आवाज

आता मेखेकडे. समजा किनाऱ्याजवळच्या घराशी एरवी ४५ डेसिबल असतात. तासातून एकदा एक एटीव्ही अंगणाजवळून जाते आणि १० सेकंद ८० डेसिबलचा आवाज करते. त्या तासाची सरासरी किती येईल? सुमारे ५४.९. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५. म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० दर तासाला एकदा दचकवून जाणारी गाडी जागेच्या नियमात बसते. हाताशी कॅल्क्युलेटर असेल तर करून पाहा, माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

वर्षाचा सरासरी पाऊस बघून चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर कळत नाही, तसंच हे. सरासरी चुकीची नसते, पण ज्या गोष्टीने त्रास झाला ती गोष्ट तिच्यात दिसत नाही. सतत चालणाऱ्या कारखान्याला किंवा रहदारीच्या रस्त्याला ती माप म्हणून ठीक आहे. अधूनमधून उसळणाऱ्या आवाजापुढे ती तोकडी पडते.

त्यात २००० च्या नियमांनुसार नागरिकाला तक्रार करायला जी पायरी दिली आहे ती मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक अशी आहे. निवासी भागात दिवसा ६५. आवाजाची ऊर्जा मर्यादेच्या दहापट झाल्यावर दार उघडतं. मे महिन्यातल्या गर्दीच्या रविवारी ती पायरी गाठलीही जाईल, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी दोन उनाड पोरांच्या मोटारसायकलींनी ती गाठली जाणं कठीण.

मोबाइलवरच्या मीटरच्या ॲपबद्दल लोक विचारतात. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजात तो दबतो आणि खर्जात कमजोर असतो. काल आणि आज यांची तुलना करायला ॲप चालेल. पुरावा म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

‘समुद्र काय कमी गर्जतो?’

हा आक्षेप नेहमीचा, आणि त्यात थोडं तथ्य आहे. फुटणाऱ्या लाटांच्या जवळ उभं राहिलं तर मीटर गाडीच्या आवाजाच्या आसपास पोहोचू शकतो. पण लाटांचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला आणि अखंड असतो. मेंदू तो बाजूला टाकतो, म्हणून तर समुद्राकाठी झोप लागते. ॲक्सिलरेटर पिळल्यावर चढणारा आवाज एका सुरात धरलेला, अचानक येणारा आणि चढ-उतार करणारा असतो. दोन्हींचे डेसिबल सारखे असले तरी एक कानामागे पडतो, दुसरा नाही.

शिवाय गाड्या चालतात ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या, घट्ट वाळूवर. कोरडी भुसभुशीत पुळण आवाज बराच शोषते. ओली वाळू तो परत फेकते. दुपारी खारे वारे समुद्राकडून वाडीकडे वाहतात आणि आवाज त्या दिशेने जमिनीकडे वाकतो. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, तेव्हाही आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि लांबवर पोहोचतो. दिवसा न ऐकू येणारी गाडी रात्री खाडीपलीकडून ऐकू येते ती म्हणून.

सुरूचं बन आवाज अडवतं, असं बरेच जण धरून चालतात. बन नजर अडवतं. चार-पाच ओळींच्या सुरूने आवाजात पडणारा फरक किरकोळ असतो. वाळूची उंच टेकडी मात्र खरोखर आडोसा करते, आणि गाड्यांसाठी वाट करताना आपण नेमकी तीच सपाट करतो.

कासवांचं काय?

वेळास, आंजर्ले, गुहागर आणि आणखी बऱ्याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडली कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभं केलेलं संवर्धनाचं काम आता सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. कासवांना खर्जातला आवाज ऐकू येतो. पण इथे मी आवाजावर फार जोर देणार नाही, कारण त्यांचं मोठं नुकसान चाकांनी आणि दिव्यांनी होतं. चाकाखाली वाळू दाबली गेली की घरट्यातून वर यायला पिल्लांना कष्ट पडतात. जाड टायरची चाकोरी ओलांडणं तळहाताहून लहान पिल्लाच्या आवाक्यातलं नसतं. ते त्या चरातून समुद्राला समांतर चालत राहतं आणि खेकडे-कावळे टपलेले असतात.

‘मग इलेक्ट्रिक एटीव्ही आणू, आवाजच नाही’ या सूचनेचं उत्तर यातच आहे. आवाजाचा प्रश्न तिने बराच सुटेल. चाकोऱ्या तशाच पडतील.

‘ही रस्त्यावरची गाडीच नाही, आरटीओचा काय संबंध?’

एटीव्हीवाले हे हमखास म्हणतात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधली व्याख्या रस्त्यावर वापरण्याजोग्या वाहनाची आहे, त्यामुळे वादाला जागा आहे हे मान्य. पण याच कायद्यात ‘सार्वजनिक जागा’ फक्त डांबरी रस्त्यापुरती नाही. जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा तिच्यात येते. आणि मोटारसायकल किंवा एसयूव्ही असेल तर वादच उरत नाही, ती वाळूवर आली म्हणून तिची नोंदणी गळून पडत नाही.

मोटारसायकलवाल्यांच्या बाबतीत तर पोलिसांना मीटरचीही फारशी गरज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा असं सांगतो. सायलेन्सर डावलून धूर सोडणारी कट-आउट वापरली तर कलम १९४-एफ खाली पहिल्यांदा १००० आणि पुढच्या वेळी २००० रुपये दंड आहे. आवाजाची मानकं मोडली तर कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय परवाना तीन महिने निकामी. पुंगळी आहे की नाही हे डोळ्यांनी दिसतं. शहरांतले पोलीस जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात ते बघायला बरं वाटतं, पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की आवाज सिद्ध करण्यापेक्षा बदललेली गाडी सिद्ध करणं कितीतरी सोपं आहे. तक्रार लिहिताना ‘फार आवाज होतो’ यापेक्षा गाडीचा नंबर, वेळ, जागा, आणि ‘कंपनीचा सायलेन्सर नाही’ हे फोटोसकट लिहिलं तर साहेबांना पुढे काय करायचं ते कळतं.

पर्यटन बंद करायचं का?

नाही. मे महिना आणि नाताळ यांवर वर्ष काढणारी घरं किनाऱ्यावर आहेत, आणि एटीव्ही चालवणारा मुलगा बहुतेक वेळा गावातलाच असतो. गाडीही त्याची नसते, हप्त्यावर घेतलेली असते.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हाच वाद स्नोमोबाइलवरून वर्षानुवर्षं कोर्टात चालला. शेवटी जे ठरलं त्यात डेसिबलची मर्यादा आहेच, ६७ची; पण ती ठरलेल्या वेगाने धावणाऱ्या गाडीची, पूर्ण जोरातली नाही, म्हणून वरच्या ७८शी थेट ताडून पाहायची नाही. पण त्याबरोबर रोज किती गट आत सोडायचे, एका गटात किती गाड्या आणि कोणत्या वाटांनी जायचं हेही बांधून दिलं. एकेक गाडी विखरून दिवसभर फिरण्याऐवजी गट एकदम जातो आणि मधल्या वेळात उद्यान खरोखर शांत असतं. वर पाहिलंच की दहा गाड्या एकत्र गेल्या तर ऊर्जा दहापट होते पण कानाला आवाज दुपटीच्या आसपासच वाटतो. म्हणजे दहा वेळा दचकण्यापेक्षा एकदाच थोडं जास्त दचकणं परवडतं.

आपल्या किनाऱ्यावर याचं रूप वेगळं असेल. पुळण मोकळी सोडून, वस्तीपासून दूर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर, किंवा पडीक जागेत कुंपण घातलेली धावपट्टी. सकाळी नऊच्या आधी आणि सूर्यास्तानंतर बंद. कंपनीचा सायलेन्सर काढलेली गाडी आतच घ्यायची नाही. जागा ठरवताना शेवटच्या घरापासूनचं अंतर पावलांनी मोजलं तरी चालेल: ते दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी, आणि तेवढेच ६ गाड्या कमी करून मिळवायचे तर चारपैकी तीन गाड्या उभ्या कराव्या लागतील. धंदा करणाऱ्याला यातलं स्वस्त काय पडतं ते त्यालाच विचारावं. ग्रामसभेत त्याला बोलवायचं, आधी अंतर ठरवायचं, आणि पुळणीकडे जाणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी माणूस जाईल पण चाक जाणार नाही असे जांभ्याचे चार दगड रोवायचे.